वाटेपलीकडचं ताट

बसंती हट्टी होती, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गावात हट्टी बायकांचा दुष्काळ कधीच नव्हता, पण हिच्या हट्टापुढं मी स्वतः पोथी घेऊन गेलो आणि हात हलवत परत आलो. तेव्हा तिच्याविषयी लिहायचा मला थोडा हक्क आहे.

माझं नाव सीताराम. दिवसा मी शाळेत पोरांना गणित शिकवायचो आणि संध्याकाळी गावातल्या मराठी मंडळाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मराठी. त्यामुळं सगळं गाव मला गुरुजी म्हणायचं. गाव म्हणजे काय, आमच्या बेटावरच्या रिव्हिएर दू रांपार शहराकडं जाणारी बसची वाट, तिच्या दोन्ही बाजूंना घरं, आणि घरांच्या मागं ऊस. वाटेच्या एका अंगाला बसंतीचं पत्र्याचं घर, आणि बरोबर समोर, दुसऱ्या अंगाला, इंद्राणीचं. वाट इतकी अरुंद की बस आली की दोन्हीकडच्या कोंबड्या एकदमच अंगणात पळायच्या.

दोघी उसाच्या कामावर एकाच टोळीत होत्या. तण काढायच्या, सोललेलं पाचट ओढायच्या, आणि दुपारी एकाच डब्यातनं जेवायच्या. इंद्राणीचा नवरा लवकर गेला. साठ सालच्या मोठ्या वादळात बसंतीचाही गेला. बसंतीच्या पदरात तेव्हा एक चार वर्षांची नात होती, सुनयना. तिची आई, म्हणजे बसंतीची एकुलती लेक, बाळंतपणातच वारली होती आणि बापानं दुसरं घर केलं होतं. इंद्राणीच्या पदरात आठ वर्षांचा नवीन. वादळानंतर इंद्राणी म्हणाली, दोन चुली कशाला जाळायच्या. तेव्हापासून सकाळचा चहा बसंतीकडं आणि संध्याकाळचं जेवण इंद्राणीकडं, असं ठरून गेलं. दोघींचे तांदूळ एकाच पातेल्यात. सतरा वर्षांत बसंतीनं संध्याकाळची चूल पेटवलेली कुणी पाहिली नाही. तिचं एक पितळी ताट इंद्राणीच्या मांडणीवरच असायचं. कडेला पोचा आलेलं, म्हणून ओळखू यायचं.

इंद्राणीची जेवताना एक खोड होती. स्वतःच्या ताटाकडं न बघता ती समोरच्याच्या ताटाकडं बघायची. बसंतीनं किती घास घेतले, भाजी संपवली की बाजूला सारली, सगळं तिच्या ध्यानात. बसंती चिडायची. पण इंद्राणी वाढायचं काही थांबवायची नाही.

सत्याहत्तर साली नवीन आणि सुनयनानं एकमेकांशी लग्न करायचं ठरवलं. शेजारचीच पोरं, जातीपातीचा प्रश्न नाही, पत्रिकेचा नाही. इंद्राणी साखर घेऊन धावतच वाट ओलांडून गेली. बसंती मात्र तीन दिवस गप्प. बायका म्हणाल्या, नातीला सरकारी कारकून मिळतोय तरी हिचा भाव बघा. नवीन क्वात्र बॉर्न शहरात एका सरकारी कचेरीत लागला होता, म्हणून बायकांचं ते बोलणं. बसंतीला भाव खायचा नव्हता. ती हिशेब मांडत होती, आणि तो हिशेब आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आला नाही.

आपल्यात जुनी रीत आहे. लेक ज्या घरी दिली, त्या घरचं अन्नपाणी आईबापांनी घ्यायचं नाही, लेकीला मूल होईपर्यंत. कोकणातून आलेल्या आमच्या पणज्यांनी बोटीतून बाकी काही आणलं नसेल, पण ही रीत आणली. आता ती कोण पाळतो? सत्तर सालानंतर आईबाप लेकीच्या घरी जाऊन ताटभर जेवतात, वर ढेकर देतात. कन्यादान बसंतीच्या लाँग माउंटन गावच्या दिरानं करायचं होतं, पण सुनयनाला वाढवलं बसंतीनं. तेव्हा रितीनं आई तीच.

चौथ्या दिवशी तिनं होकार दिला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती नेहमीसारखी इंद्राणीकडं जेवली, पोटभर जेवली. मग आपलं ताट घासलं, पदरानं पुसलं आणि काखेत मारून घरी निघाली. ताट कुठं नेतेस, असं इंद्राणीनं विचारलं. तेव्हा कुठं तिला आणि आम्हाला उलगडा झाला.

पहिले काही दिवस सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. सुनयना रडली, रुसली, नवीननं हात जोडले. बसंती त्यांच्या ओसरीवर येऊन बसायची, गप्पा मारायची, लग्नाचे फोटो बघायची, पण पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही. तहान लागली की वाट ओलांडून घरी जायची, पाणी प्यायची आणि परत यायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी तेव्हा हॉलमध्ये म्हणालो होतो. पोरं हसली होती.

सगळ्यांनी धरलं होतं की वर्षभरात पाळणा हलेल आणि प्रश्न मिटेल. पण काळ बदलला होता. सुनयना स्वेटर विणायच्या कारखान्यात लागली होती, पहाटे गाडी यायची तिला न्यायला. आरोग्य केंद्रातली नर्स गावोगाव फिरून बायकांना समजावत होती की दोन वर्षं थांबा, तीन वर्षं थांबा, गोळ्या आहेत. सुनयना आणि नवीनला घरावर सिमेंटचा मजला चढवायचा होता. त्यांनी थांबायचं ठरवलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तर दोघी म्हाताऱ्यांनी एक तोड काढली. संध्याकाळी बसंती आपल्या पायरीवर ताट घेऊन बसायची आणि इंद्राणी समोर आपल्या पायरीवर. मधे वाट. मोठमोठ्यानं बोलत जेवायच्या. बस आली की बोलणं तुटायचं, बस गेली की पुन्हा तिथूनच सुरू. येणारेजाणारे हसायचे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दोघींना नमस्कार करायचा. मलाही ते बघायला बरं वाटायचं, आणि मी समजलो की झालं, मिटलं.

मिटलं नव्हतं. एका माणसापुरता भात शिजवणं फार अवघड काम आहे, हे मला माझी बायको गेल्यावर कळलं, तेव्हा कळलं नव्हतं. बसंती आधी रोज शिजवायची, मग एकाआड एक दिवस, मग मनात आलं तर. तिचं पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. एकोणऐंशीच्या डिसेंबरात क्लोदेत नावाचं वादळ आलं, तेव्हा तिच्या पत्र्याचा भरवसा नव्हता म्हणून नवीननं तिला जवळजवळ उचलून आपल्या घरी आणलं. दीड दिवस ती तिथं एका कोपऱ्यात बसून होती, स्वतःची पाण्याची बाटली आणि उकडलेलं मान्योकचं कंदमूळ फडक्यात बांधून. बाटली संपल्यावर तिनं पुढचे कितीतरी तास तोंड मिटून काढले. बाहेर पत्रे उडत होते आणि घरात भरलेल्या माठाशेजारी ही तहानलेली. सुनयनानं तेव्हापासून तिला आग्रह करणं सोडून दिलं. तिला वाटलं, रीत हे निमित्त, आजी अजून लग्नावर रागावली आहे.

वादळानंतर महिन्याभरानं इंद्राणी माझ्याकडं आली. ती सहसा कुणाच्या दारी जाणारी बाई नव्हती. येऊन बसली आणि म्हणाली की बसंती संध्याकाळी पायरीवर जे ताट घेऊन बसते, ते रिकामं असतं. हात ताटाकडून तोंडाकडं जातो, पण बोटांना काही लागत नाही. आपण सतरा वर्षं तिचं ताट बघितलंय, आपल्याला वाटेपलीकडूनही कळतं. मग तिनं मला विचारलं की पुस्तकात कुठं यातून सुटका लिहिली आहे का.

मी कपाट उघडलं. भारतातून आलेली पुस्तकं, जुनी पंचांगं, एक वाळवी लागलेली पोथी. दोन दिवस शोधलं. ही रीत पाळा असं कुठं लिहिलेलं नव्हतं आणि सोडा असंही नव्हतं. शेवटी मी ठरवलं की खोटं बोलायचं. अडाणी बाई, तिला काय कळणार. सगळ्यात जाड पंचांग उचललं, बसंतीच्या घरी गेलो आणि गंभीर चेहरा करून सांगितलं की शास्त्राप्रमाणं ही रीत फक्त एक वर्ष पाळायची असते, पुढं दोष नाही.

ती चुलीपाशी बसली होती. चूल गार होती.

"कंच्या पानावर?" तिनं विचारलं.

मी एक पान उघडलं.

"बोट ठेव."

मी बोट ठेवलं. ते ग्रहणांच्या कोष्टकावर पडलं होतं. तिनं पानाकडं पाहिलंसुद्धा नाही, माझ्या बोटाकडं पाहत राहिली.

"तुजं बोट कापतंय, गुरुजी," ती म्हणाली. "मिटव ते."

मी पंचांग मिटलं. आयुष्यात पोरांची इतकी खोटी उत्तरं पकडली, पण स्वतः पकडला गेलो तो हा एकदाच, आणि तेही अक्षर न येणाऱ्या बाईकडून. मला राग आला होता. मी विचारलं, एवढं उपाशी मरण्यासारखं त्या रितीत आहे तरी काय. मग तिनं सांगितलं. तिचं लग्न होऊन दोन महिने झाले होते तेव्हा तिची आई लाँग माउंटनहून चालत तिला भेटायला आली. पाऊस होता, आई भुकेली होती, सासूनं आग्रह केला. आईनं मान्योकचे दोन तुकडे खाल्ले आणि वर पाणी प्यायली. त्यानंतर बसंतीची तीन मुलं एकामागून एक गेली. चौथी लेक जगली, ती सुनयनाला जन्म देताना गेली.

मी गणिताचा माणूस. मी तिला सांगितलं की त्या काळात मलेरिया होता, घरोघरी मुलं जायची, मान्योकचा आणि त्याचा काही संबंध नाही. तिनं नीट ऐकून घेतलं.

"घरोघरी गेली असतील," ती म्हणाली. "माजी माज्या घरात गेली."

मी पंचांग काखेत मारलं आणि उठलो. निघताना तिनं मला बजावलं की सुनयनाला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर पोरगी आजीच्या घासापायी घाईनं मूल जन्माला घालील, आणि ते आपल्याला नको. तिला हवं तेव्हा होऊ दे. मी इंद्राणीला मात्र सगळं सांगितलं. ती ऐकत असताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिलासुद्धा बसंतीनं इतक्या वर्षांत हे सांगितलं नव्हतं, याचं तिला फार लागलं.

त्यानंतर इंद्राणी माझ्याकडं पुन्हा विचारायला आली नाही. ती साठ वर्षांची होण्याची वाट बघत होती.

ऐंशी सालात तिला सरकारी पेन्शन सुरू झाली. आमच्याकडं साठी उलटली की सगळ्यांनाच मिळते, गरीब असो श्रीमंत असो. पहिल्या पेन्शनच्या दिवशी बाकीच्या बायका नातवंडांसाठी बिस्किटं घेऊन घरी गेल्या. ही दुकानात गेली, तांदूळ, डाळ आणि सुकी मासळी घेतली, आणि आपल्या घराचा उंबरा न ओलांडता सरळ बसंतीच्या चुलीसमोर जाऊन पिशवी ठेवली. मी योगायोगानं तिथं नव्हतो. योगायोगानं म्हणजे, कुंपणापलीकडं होतो.

"तुज्या घरचं नको," बसंती म्हणाली.

"घरात गेलंच नाय. दुकानातनं सरळ हितं आणलं."

"पैका?"

"सरकारचा. माज्या नावाचा, माज्या अंगठ्याचा. नवीनचा त्यात हात नाय."

बसंतीनं पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं. मग तिनं शेवटचा अडसर घातला.

"आन तू कुणाच्या घरची?"

"मी तुज्या टोळीतली," इंद्राणी म्हणाली. "लगीन तर कालचं हाय."

आतून लाकडं फोडल्याचा आवाज आला, तेव्हा मी घरी गेलो. माझ्या कपाटातल्या पुस्तकांना जे जमलं नाही ते इंद्राणीनं दोन शेर तांदळात केलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी वाट ओलांडायची, बसंतीच्या चुलीवर रांधायची आणि दोघी तिथंच जेवायच्या. बसंतीचं पोलकं पुन्हा खांद्यावर बसलं. आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली की आपण बसंतीला दिलेल्या ताकदीच्या गोळ्या लागू पडल्या. बसंतीनं त्या कोंबड्यांच्या खुराड्यामागं पुरल्या होत्या.

तीन वर्षं अशी गेली. सिमेंटचा मजला चढला. त्र्याऐंशी साली सुनयनाला दिवस गेले. त्या बातमीनं सर्वांत जास्त कोण खूश झालं असेल तर इंद्राणी. तिनं पोचा आलेल्या ताटाला चिंच लावून ते लखलखीत घासलं आणि म्हणाली, आता थोडेच महिने, मग हे परत माझ्या मांडणीवर.

सातवा महिना लागला आणि इंद्राणीला झटका आला. सकाळी अंगण झाडताना कोसळली. दोन आठवडे दवाखान्यात होती. परत आली तेव्हा उजवी बाजू गेलेली, जीभ जड, आणि डोक्यातली वर्षं कुठंतरी सांडून गेलेली. लग्न झालंय हे तिला आठवत नव्हतं. सुनयनाला ती समोरच्या घरातली लहान पोर समजायची आणि तिला आजीकडं जा म्हणायची. साठ सालचं वादळ मात्र तिला कालचं वाटत होतं.

आणि ती जेवेना. सुनयनानं मऊ भात केला, नवीननं भरवून पाहिला, शेजारणी झाल्या. ती ओठ घट्ट मिटायची आणि एकच विचारायची, "बसंती जेवली?" जेवली म्हणून सांगितलं तर मान हलवायची. बघितल्याशिवाय तिचा विश्वास नव्हता, आणि ते जुनंच होतं. डॉक्टर येऊन गेला. नाकातून नळी घालायला परत दवाखान्यात न्यावं लागेल, म्हणाला, आणि या अवस्थेत फार काही धरून चालू नका.

बसंती रोज येऊन उशाशी बसत होती. तिनं आपल्या घरून भात शिजवून आणला आणि तिच्यासमोर जेवायला बसली. इंद्राणीनं ताट पाहिलं. "ह्ये माजं नाय," म्हणाली, आणि डाव्या हातानं आपल्या स्वयंपाकघराकडं, आपल्या पातेल्याकडं बोट दाखवलं. बसंतीनं मग त्या घरचा भात ताटात घेतला आणि हात तोंडाशी नेऊन नुसताच खाली आणला. वाटेपलीकडून जिला फसवता आलं नाही, तिला हातभर अंतरावरून काय फसवणार. इंद्राणी तिच्या बोटांकडं बघत राहिली आणि तिनं तोंड मिटलं. रीत समजावून सांगायची तर कुणाला? जिनं ती रीत सांभाळायला तीन वर्षं वाट ओलांडली, तिला आता रीतही आठवत नव्हती आणि सोयरीकही.

त्या संध्याकाळी मी तिथं होतो. सुनयना दाराला टेकून उभी होती, हात पोटावर. अजून दोन महिने. दोन महिन्यांनी सगळं मोकळं होणार होतं, आणि इंद्राणीजवळ दोन महिने नव्हते. बसंती किती तरी वेळ पोरीच्या पोटाकडं पाहत होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शेवटी ती सुनयनाला म्हणाली, "तू माहेरी जा."

"आजी, पूरक्वा?" सुनयनानं विचारलं. का म्हणून, ते तिला कळेना.

"दार उघडं हाय माज्या घराचं. जाऊन बस. मी बोलावीन तवा ये. ह्या घरात थांबू नको."

सुनयना माझ्याकडं बघायला लागली. मी मानेनंच जा म्हणालो. ती बिचारी वाट ओलांडून समोर गेली आणि आजीच्या पायरीवर बसली. म्हणजे आता लेक या घरात नव्हती. लेक माहेरी होती. पोथीत असली पळवाट नाही, मी शोधून पाहिलं होतं. बसंतीनं ती तिथल्या तिथं रचली, आणि तिलाही ती पुरती पटलेली नव्हती हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

मग तिनं इंद्राणीच्या पातेल्यातला भात आपल्या ताटात घेतला, कालवला आणि खाल्ला. पहिला घास गिळायला तिला फार वेळ लागला. इंद्राणीनं तो गळ्यातून खाली जाईपर्यंत पाहिला आणि तोंड उघडलं. एक घास हिचा, एक तिचा, असं ताट संपलं. मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो. रडत होतो, लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर दोन महिने रोज हेच. दिवेलागणीला सुनयना कारखान्यातून यायची, पिशवी ठेवायची आणि माहेरी जायची. अर्धा तास आजीच्या पायरीवर पाय सोडून बसायची. पुढं पुढं तिला ते आवडायला लागलं. बसचा ड्रायव्हर आता तिला हॉर्न वाजवायचा. आणि समोरच्या घरात बसंती जेवायची, प्रत्येक घास जणू औषध असावा तशी. रात्री ती झोपत नसे, हे मला तिच्या डोळ्यांखाली दिसायचं. एकदा मी धीर करून विचारलं की पोरीला काही झालं तर.

"तर ते माज्यावर," ती म्हणाली. "पन हिला डोळ्यादेखत उपाशी कशी ठेवू, गुरुजी?"

ऑक्टोबरात सुनयनाला दवाखान्यात नेलं. पहिला दिवस गेला, निरोप नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसंतीनं नेहमीसारखं ताट वाढून घेतलं, कारण इंद्राणीची जेवायची वेळ झाली होती. मी कोपऱ्यात बसलो होतो. तिनं घास उचलला आणि दाराकडं बघत तसाच हातात धरून ठेवला. तेवढ्यात बस थांबली. नवीन उतरला, आणि अंगणातूनच त्यानं सांगितलं की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

बसंतीनं हातातला घास ताटात ठेवला. मग तो घास उचलून खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, सगळं ताट चाटूनपुसून संपवलं आणि उठून पातेल्यातला उरलेला भात वाढून घेतला. वरून माठातलं पाणी घेतलं, तांब्याभर, आणि एका दमात प्यायली.

इंद्राणीला बाळाचं काही कळलं नाही, कुणाचं बाळ तेही नाही. ती फक्त ताटाकडं बघत होती.

"आज भूक लागली व्हय तुला," ती म्हणाली.